वस्तूची चकाकी आणि तिच्या पोटातला दगड



वसंतातल्या या व्याख्यानांत कवी बोलतात, इतिहाससंशोधक बोलतात, तत्त्वज्ञ बोलतात. आज चिटणिसांनी एका कामगार संघटकाला येथे उभे केले आहे, आणि विषय दिला आहे तो प्लॅस्टिकच्या वस्तूंच्या पृष्ठभागाचा. आमचे शाळेतले शिक्षण नववीत थांबले. पुढचे शिक्षण मोल्डिंग मशीनसमोर झाले, आणि उरलेले रात्री वाचनालयात. तेव्हा आमच्या बोलण्यात पंडिताची सफाई मिळणार नाही. पण जे सांगू ते हाताने चाचपून पाहिलेले असेल, एवढी हमी देतो.

आरंभी एक विनंती. आपण ज्या खुर्चीवर बसला आहात तिच्या हातावरून बोट फिरवून पाहा. खुर्ची नवी असेल तर बोट घसरेल. जुनी, चार उन्हाळे अंगणात काढलेली असेल तर बोटाला पांढरट भुकटी लागेल. ही भुकटी कोठून आली? ती धूळ नव्हे. अशा पुष्कळ खुर्च्यांच्या दाण्यात कारखान्यातच चुनखडीची पूड मिसळलेली असते. उन्हाने वरचे प्लॅस्टिक झिजले, आणि पोटातला दगड बाहेर आला. आमच्या आजच्या व्याख्यानाचे सार या बोटभर भुकटीत आहे. प्लॅस्टिकच्या वस्तूचे तोंड कसे दिसते, हे तिच्या पोटात कोणता दगड, किती आणि किती बारीक आहे आणि तो कसा बसला आहे, यावर फार मोठ्या प्रमाणात ठरते. हे ज्याला ठाऊक नाही, तो त्या तोंडावरच्या डागाचे खापर मशीनपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर फोडतो.

दगड घालण्याची रीत जुनी आहे

प्लॅस्टिकमध्ये दगडाची पूड घालणे म्हणजे भेसळ, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या काळ्या तबकड्या ऐकल्या असतील. कलकत्त्यात सियालदह येथे १९०८ साली अशा तबकड्यांचा कारखाना निघाला, आणि पुढे १९२८ साली तो डमडमला गेला. आपली नाट्यगीते घरोघर पोचवणारी ही तबकडी लाखेची म्हणून ओळखली जाई. ती लाख छोटा नागपुराच्या रानांत पळस आणि कुसुंबाच्या झाडांवर किड्यांनी केलेली. परंतु तबकडीत लाखेचा वाटा थोडा, आणि मोठा वाटा दगडाच्या पुडीचा असे. पाटीचा दगड, चुनखडी, थोडा कापसाचा तंतू आणि रंगासाठी काजळी, असा तो लगदा तापवून साच्यात दाबीत.

यात दगड केवळ काटकसरीसाठी नव्हता. पोलादी सुई तबकडीच्या खाचेत नीट बसावी म्हणून ती पहिल्या काही फेऱ्यांतच झिजून खाचेच्या आकाराची व्हावी लागे. ते काम ही पूड सहाणेसारखे करी. पण त्याच पुडीमुळे गाण्याच्या मागे सतत एक सरसर ऐकू येई. ती सरसर म्हणजे पृष्ठभागावरच्या दगडी कणांचा आवाज! अमेरिकेत १९४८ साली व्हिनाइलची दीर्घवादन तबकडी आली, तिच्यात हे दगड नव्हते. म्हणून ती पुष्कळच शांत वाजू लागली. पृष्ठभागावर दगडाचा परिणाम काय होतो, हे माणसाने प्रथम डोळ्यांनी नव्हे, तर कानांनी ओळखले, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

बेकलंड यांनी १९०७ साली बेकेलाइट सिद्ध केले, तेव्हा त्यातही लाकडाचा भुसा घालावा लागे, नाहीतर वस्तू ठिसूळ होई. विजेच्या कामाला अभ्रक घालीत आणि उष्णतेच्या कामाला अ‍ॅस्बेस्टॉस. जुन्या वाड्यांतली काळी-तपकिरी बटणे आपल्याला आठवत असतील. त्यांच्या पोटातही असे काही ना काही भरण होतेच. आमच्या धंद्यात या भरणाला सरसकट 'फिलर' म्हणतात, तोच शब्द आम्ही पुढे वापरू.

आजचे फिलर

आज मोटारीच्या आतली पॅनेले, कपडे धुण्याच्या यंत्रांचे भाग, पंख्यांची आवरणे, खुर्च्या यांत पॉलिप्रॉपिलीन नावाचे प्लॅस्टिक फार वापरतात. १९५७ च्या सुमारास ते बाजारात आले. ते हलके, स्वस्त आणि चिवट आहे; परंतु दोन खोडी आहेत. एक, तापले की ते लवकर मऊ पडते. दुसरी, साच्यात थंड होताना ते फार आकसते, शंभर मिलिमीटरला दीड ते दोन मिलिमीटर. जेथे वस्तू जाड असते, विशेषतः मागच्या बाजूला फासळी असते, तेथे आकसण्यामुळे पुढच्या बाजूला खळगी पडते. तिला आम्ही सिंक मार्क म्हणतो.

दगड आकसत नाही. म्हणून दगडाची पूड घातली की आकसणे कमी होते, खळगी उथळ होते आणि वस्तू ताठ राहते. शिवाय दगडातून उष्णता प्लॅस्टिकपेक्षा लवकर जाते, तेव्हा वस्तू साच्यातून लवकर निघते. तात्पर्य, सपाटपणाच्या दृष्टीने फिलर हा पृष्ठभागाचा मित्र आहे. चकाकीच्या दृष्टीने मात्र तो बहुधा शत्रू ठरतो. हे दोन्ही एकाच वेळी खरे आहे, आणि सगळी गंमत व सगळी भांडणे येथूनच सुरू होतात.

फिलरचे प्रकार आकारावरून ओळखावे. चुनखडी किंवा संगमरवराची पूड खड्यासारखी, सर्व बाजूंनी साधारण सारखी असते. शंखजिरे, ज्याला टाल्क म्हणतात, ते पापुद्र्यांचे असते. उदयपूरच्या बाजूला त्याच्या खाणी आहेत. अभ्रकाचे पापुद्रे त्याहून मोठे आणि पातळ. वोलॅस्टोनाइट नावाचे खनिज राजस्थानातच सापडते, ते सुयांसारखे असते. काचेचे तंतू म्हणजे तर बारीक काड्याच. कठीणपणात शंखजिरे सर्वांत मऊ, मोहच्या मापावर १, चुनखडी ३, गारगोटी ७. हा कठीणपणाही लक्षात ठेवावा, कारण मऊ फिलर साच्याचे पॉलिश खात नाही; काच आणि गार मात्र खाते. साच्याचे पॉलिश एकदा गेले की पुढची प्रत्येक वस्तू मंद निघते, आणि मग दाणा कितीही चांगला आणा, उपयोग होत नाही.

चकाकी म्हणजे काय?

गुळगुळीत पाण्यावर चंद्र एक दिसतो, लाटांवर त्याचे शंभर तुकडे होतात. चकाकीचे सगळे शास्त्र एवढेच आहे. पृष्ठभाग सपाट असेल तर प्रकाश एका दिशेने परततो. उंचसखल असेल तर विखुरतो. कारखान्यात हे मोजण्याचे यंत्र असते. ते बहुधा ६० अंशांच्या कोनात प्रकाश टाकून परत किती आला ते पाहते, आणि एका ठरावीक काळ्या काचेचे माप १०० धरून त्याच्याशी तुलना करते. फार चकचकीत वस्तूंना २० अंश, फार मंद वस्तूंना ८५ अंश.

आता हा उंचसखलपणा किती? डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाची लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी, म्हणजे साधारण ०.४ ते ०.७ मायक्रॉन. फिलरचा कण बारीक म्हणावा तर एक-दोन मायक्रॉनचा, आणि जाड असेल तर वीस-चाळीस मायक्रॉनचा. म्हणजे आपल्या बोटाला जो मैद्यासारखा लागतो, तो प्रकाशाच्या दृष्टीने डोंगर असतो. असा डोंगर पृष्ठभागाच्या अगदी खाली असला तरी पुरे. प्लॅस्टिक थंड होताना त्याच्या भोवती आकसते, कण मात्र जागचा हलत नाही. आणि उपाशी गुराच्या फासळ्या कातड्याखालून दिसाव्यात तसे ते कण वरच्या पापुद्र्याखालून उठून दिसतात.

गवंड्याला हे समजावून सांगावे लागत नाही. गिलाव्यात वाळू जाड असेल तर भिंत खरबरीत होते, म्हणून तो शेवटचा हात बारीक नीरूचा देतो. तसेच, थापी दाबून फिरवली की जाड वाळू आत बसते आणि बारीक गाळ वर येतो. आमच्या साच्यात थापीचे काम दाब आणि उष्णता करतात. वितळलेले प्लॅस्टिक साच्यात शिरते ते नळातल्या पाण्यासारखे सरळ पुढे जात नाही. मधला प्रवाह पुढे येतो आणि कारंज्यासारखा दोन्ही बाजूंना वळून साच्याच्या भिंतीला टेकतो. टेकताच तेथे कातडी गोठते. साचा पुरेसा गरम असेल आणि माल वेगाने व दाबाने भरला असेल, तर गोठण्याआधी मऊ प्लॅस्टिकला भिंतीशी नीट मिळण्यास अवसर मिळतो. कण आत राहतात आणि वर शुद्ध प्लॅस्टिकचा पातळ पदर येतो. साचा थंड असेल तर कातडी अर्धवट गोठलेलीच भिंतीला लागते, साच्याचे पॉलिश तिच्यावर उतरत नाही, आणि कण उघडे पडतात. काचतंतू घातलेल्या नायलॉनचा साचा ८० अंशांच्या वर का ठेवतात, याचे एक मोठे कारण हेच.

हे झाले बारीक-जाडपणाचे. गुठळ्यांचेही तसेच. पिठले करताना पीठ नीट कालवले नाही तर गुठळ्या होतात, मग पीठ कितीही बारीक दळलेले असो. फिलर जितका बारीक, तितका तो एकमेकांना धरून बसतो. म्हणून चुनखडीच्या कणांना पुष्कळदा स्टिअरिक आम्लाचा हात देतात. त्याने कण सुटे राहतात आणि प्लॅस्टिकमध्ये सहज मिसळतात. हा हात दिला नाही, किंवा मिसळणाऱ्या यंत्रात घाई केली, तर काळ्या वस्तूवर पांढरे ठिपके येतात. ते ठिपके मोल्डिंग मशीनवर पुसता येत नाहीत. ते दाण्यातच जन्माला आलेले असतात.

पापुद्र्यांचा आणखी एक स्वभाव आहे. प्रवाहात ते ओढ्यातल्या पानांसारखे लोळण घेत पुढे जातात आणि भिंतीपाशी आडवे निजतात. निजले तर पृष्ठभाग बराच सारखा दिसतो. परंतु वस्तूला भोक असेल तर प्रवाह दुभंगतो आणि पलीकडे पुन्हा मिळतो. त्या मिलनरेषेवर पापुद्रे उभे राहतात किंवा दुमडतात. तेथे रेघ दिसते. अभ्रकात ही रेघ सर्वांत ठळक. पाणी, चमक आणि ताठपणा अभ्रक देते, पण ही रेघ त्याची किंमत. मोटारीच्या बंपरसाठी शंखजिऱ्याबरोबर रबरही घालतात. तेथे प्रवाहाचे तोंड भरताना डळमळले तर मंद आणि चकचकीत असे आळीपाळीचे पट्टे उमटतात. त्यांना वाघाचे पट्टे म्हणतात. मशीन चालवणारा वेग बदलून ते कमी-अधिक करू शकतो, नाहीसे करू शकेलच असे नाही. गेट कोठे ठेवायचे, हे साचा काढणाऱ्याने ठरवलेले असते, आणि रबर व शंखजिऱ्याचे प्रमाण दाणा बनवणाऱ्याने.

राहिला ओरखडा. शंखजिरे किंवा चुनखडी प्लॅस्टिकमध्ये पांढरी का दिसत नाही? कारण प्रकाश त्यांच्यातून जवळजवळ तितकाच वाकतो जितका प्लॅस्टिकमधून. खडू ओला केला की त्याचा पांढरेपणा मंदावतो, तसे हे आहे. पण काळ्या पॅनेलवर नखाने ओढले की कण प्लॅस्टिकपासून सुटतात, मध्ये हवा शिरते, आणि तीच भुकटी एकदम पांढरी रेघ होऊन दिसते. गिऱ्हाईक म्हणते, हाताळणीत निष्काळजीपणा झाला. पुष्कळदा निष्काळजीपणा हाताळणीत नसतो. मऊ शंखजिरे ज्या जागी घालू नये तेथे घातल्याचा तो पुरावा असतो.

एका पावसाळ्याची गोष्ट

आता आम्ही या विद्येच्या नादी का लागलो, ते सांगतो. सन २००९ च्या पावसाळ्यात पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यातल्या एका कारखान्यात आमची संघटना होती. कारखान्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. तेथे मोटारीच्या आतल्या काळ्या पॅनेलवर अचानक राखट पट्टे आणि चंदेरी रेघा दिसू लागल्या. माल परत येऊ लागला. तीन आठवड्यांनी पगारपत्रकावर 'नुकसानभरपाई' म्हणून वजावट आली. ज्या मुलांच्या पाळीत माल नापास झाला, त्यांच्या पगारातून ती कापली. त्यांतला एक मुलगा आमच्याकडे आला आणि म्हणाला, "भाऊ, मशीनचे सेटिंग कुलपात आहे. किल्ली सुपरवायझरकडे. मी फक्त दार उघडतो, वस्तू काढतो, दार लावतो. मग माझे काय चुकले?"

आम्हांस उत्तर देता येईना. कायदा आमच्या बाजूने होता, हे ठाऊक होते. तेव्हा लागू असलेला १९३६ चा वेतन अदायगीचा कायदा सांगत होता की, नुकसानीची वजावट करायची तर ते नुकसान थेट त्या कामगाराच्या हयगयीमुळे झालेले असले पाहिजे, आणि त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे. परंतु नुसता कायदा म्हणून दाखवून भागत नाही. हयगय कामगाराची नव्हे, असे म्हणायचे तर मग कोणाची, हे दाखवावे लागते. घोषणा देऊन राखट पट्टा जात नाही.

आमच्या ओळखीचे साचे करणारे एक वृद्ध मिस्त्री होते. त्यांनी पॅनेल उन्हात धरले, अंगठ्याने चोळले, आणि म्हणाले, "आधी दगड बघा, मग माणूस." त्यांनी आम्हांस तीन परीक्षा शिकवल्या. त्या येथे सांगतो, कारण त्या कोणालाही समजण्यासारख्या आहेत.

पहिली पाण्याची. शुद्ध पॉलिप्रॉपिलीन पाण्यावर तरंगते. त्याची घनता ०.९० च्या आसपास. शंखजिऱ्याची किंवा चुनखडीची सुमारे २.७. वजनाने साधारण १४-१५ टक्के दगड झाला की तुकडा बुडू लागतो. आमच्या दाण्यात २० टक्के शंखजिरे असायला हवे होते, म्हणजे तुकडा बुडायला हवा, आणि तो बुडाला. याने एवढेच कळले की, दगड आहे. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वजनाने पाचवा हिस्सा असलेला हा दगड जागा मात्र शंभरात सुमारे आठच व्यापतो. इतक्या थोड्या जागेतून तो सगळ्या चेहऱ्यावर राज्य करतो!

दुसरी परीक्षा राखेची. मिस्त्रींच्या भट्टीत सहाशे अंशांच्या सुमारास दहा ग्रॅम तुकडे जाळले. प्लॅस्टिक आणि काजळी जळून जातात, दगड उरतो. सोनाराच्या काट्यावर राख तोलली. जुन्या लॉटची राख दोन ग्रॅम भरली, ठरल्याप्रमाणे. नव्या लॉटची भरली तीन ग्रॅमच्या जवळपास. म्हणजे पाचव्या हिश्शाऐवजी जवळजवळ तिसरा हिस्सा दगड!

तिसरी परीक्षा आंबटाची. दोन्ही राखांवर लिंबू पिळले. जुनी राख जवळजवळ गप्प राहिली. नवी फसफसली. शंखजिरे असे फसफसत नाही, चुनखडी फसफसते. खाणीतल्या शंखजिऱ्यातही थोडा चुन्याचा अंश असू शकतो, म्हणून एका राखेवरून निकाल देऊ नये, दोन शेजारी ठेवून पाहाव्यात, हेही मिस्त्रींनी बजावले. शेवटी ती राख पाण्यात कालवून बारीक चाळणीतून सोडली, तेव्हा चाळणीवर रवा राहिला. जुन्या राखेचा असा रवा राहिला नव्हता. निर्णय स्पष्ट झाला. दाणा पुरवणाऱ्याने महाग, बारीक शंखजिऱ्यात स्वस्त, जाड चुनखडी मिसळली होती, आणि एकूण दगडही वाढवला होता. जाड कण, जास्त दगड, घट्ट झालेला प्रवाह: राखट पट्टा दिसला नसता तरच नवल.

पण गोष्ट येथे संपत नाही, आणि पुढचा भाग आम्हांस तितकासा सोयीचा नाही. चंदेरी रेघांचे काय? त्या रेघा ओलाव्याच्या असतात. पॉलिप्रॉपिलीन स्वतः पाणी फारसे धरत नाही, पण त्यातल्या दगडी कणांच्या अंगाला पावसाळी हवेत ओल धरते. दाणा ८० अंशांवर दोनएक तास सुकवून घेतला नाही तर त्या ओलाव्याची वाफ होते आणि वाफेचे बुडबुडे पृष्ठभागावर ओढले जाऊन चंदेरी फराटे उमटतात. आम्ही पाळीपाळीने पत्रके तपासली. पट्टे तिन्ही पाळ्यांत होते. चंदेरी रेघा मात्र बहुतेक रात्रपाळीत. विचारता विचारता कळले की, रात्री पोते संपले की सुकवणीला दोन तास कोण थांबणार म्हणून आमचीच मुले दाणा सरळ हॉपरमध्ये ओतीत होती. त्याची त्यांना सूचना होती, तक्ता भिंतीवर लावला होता.

व्यवस्थापनापुढे आम्ही दोन्ही गोष्टी ठेवल्या. दोन्ही राखेच्या पुड्या टेबलावर ठेवल्या, लिंबूही नेले होते. पट्ट्यांबद्दलची सर्व वजावट परत मिळाली आणि पोत्यांचा प्रत्येक लॉट तपासून घेण्याचे ठरले. रात्रपाळीच्या चंदेरी रेघांबद्दलची वजावट मात्र राहिली, आणि तिच्या कागदावर आम्ही सही केली. त्या रात्री दोन मुले आमच्याशी बोलली नाहीत. तरीही आम्हांस वाटते की, पहिली गोष्ट मान्य झाली ती आम्ही दुसरी लपवली नाही म्हणून. ज्याला खरे मागायचे आहे, त्याने खरे आधी द्यावे लागते.

बारीक पुडीची दुसरी बाजू

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. चकाकी हवी तर पूड बारीक हवी, हे आपण पाहिले. परंतु पूड जितकी बारीक, तितकी ती हवेत जास्त वेळ तरंगते आणि फुप्फुसात खोल जाते. चार-पाच मायक्रॉनच्या खालचे कण फुप्फुसाच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत पोचू शकतात. आणि चांगल्या फिनिशसाठी आपण नेमके तेच मागतो. दाण्यात बंद झालेली पूड कोणाला त्रास देत नाही. त्रास होतो तो खाणीत, दळणाच्या गिरणीत, पोती फोडून मिसळणाऱ्याला, आणि वस्तूच्या कडा घासणाऱ्याला.

दगडादगडात येथेही भेद आहे. गारगोटीच्या धुळीने सिलिकोसिस होतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने तो कळवण्याजोगा रोग म्हणून यादीत घातला होता. शंखजिऱ्याच्या खाणीत काही ठिकाणी अ‍ॅस्बेस्टॉस शेजारी सापडते, म्हणून खाण कोणती हे विचारावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२४ साली शंखजिऱ्याला 'बहुधा कर्करोगजनक' या वर्गात घातले आहे. याचा अर्थ घाबरून काम टाकावे असा नव्हे. अर्थ असा की, पोत्याच्या कागदावर फिनिशचे आकडे जितक्या काळजीने वाचतो, तितक्याच काळजीने धुळीचे आकडेही वाचावे. पोते फोडण्याच्या जागी हवा खेचणारा पंखा असावा. आणि तोंडावरच्या रुमालाला संरक्षण म्हणू नये.

समारोप

सारांश येणेप्रमाणे. फिलर हा ना देव ना भूत. तो खळग्या बुजवतो, वस्तू ताठ करतो. आणि चुकला तर चकाकी खातो, रेघा काढतो, ओरखडे पांढरे करतो. पृष्ठभाग बिघडला तर विचारण्याचा क्रम ठरलेला असावा. आधी दगड कोणता, किती, किती बारीक. मग तो नीट कालवला गेला का. मग दाणा सुकवला का. मग साचा गरम होता का, त्याचे पॉलिश शाबूत आहे का, गेट योग्य जागी आहे का. आणि सर्वांत शेवटी, मशीनपाशी उभ्या असलेल्या माणसाने काय केले. आज बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा चालतो, कारण माणूस समोर दिसतो आणि दगड पोटात असतो. २०१९ च्या वेतन संहितेतही थेट हयगयीचे तत्त्व कायम ठेवले आहे. पण हयगय कोणाची, हे ठरवण्याची विद्या कायद्याच्या पुस्तकात नाही. ती राखेत आहे, बादलीभर पाण्यात आहे, अर्ध्या लिंबात आहे. आमच्यासारख्या नववीवाल्याला ती आली, तर ती कोणालाही येईल.

सभा संपल्यावर खुर्ची उचलून ठेवताना तिच्या पाठीवर एकदा हात फिरवा, आणि ही वस्तू साच्यातून कोणी काढली असेल, त्याची एक क्षण आठवण करा.